हरिभाऊ आपट्यांवर लिहिताना या चुका टाळा

बडोद्यातली मराठी विषय घेतलेली मुलं कादंबरीकार हरिभाऊंवर टिपण लिहून आणतात, त्याची सुरुवात बहुतेक अशी असते: ‘जन्म १८६४, पारोळे. आई लहानपणीच वारली. त्यामुळे स्त्रियांच्या दुःखाची जाणीव झाली.’ पहिली दोन वाक्यं माहितीची आहेत, तिसरं नुसता अंदाज. आई लवकर गेलेली मुलं त्या काळी घरोघरी होती. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीची नायिका यमू लिहिली ती एकानेच. चरित्रातला तपशील घ्यायचाच तर कादंबरीशी ज्याचा धागा दाखवता येतो तो घ्या. हरिभाऊ पुण्यात काकांकडे वाढले. काकांनी १८८८ साली आनंदाश्रम काढला आणि संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनाचं ते काम पुढे हरिभाऊंनीच सांभाळलं. म्हणजे शास्त्रग्रंथांच्या सहवासात राहणारा माणूस ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मध्ये शास्त्राच्या नावावर होणारं केशवपन दाखवतो आहे. मला हे आईच्या मृत्यूपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. शास्त्र पाळणाऱ्या घरांतलं सोवळं-ओवळं, सासूचा धाक, पुरुषांची मुकी संमती हे सगळं त्यांनी आतून पाहिलेलं होतं.

पण हरिभाऊ आणि यमू एकच, असंही समजू नका. सव्वीस वर्षांचा पुरुष पहिल्या पानापासून बाईच्या तोंडून ‘मी’ म्हणून बोलतो, ही त्यांनी ठरवून केलेली रचना आहे. यमू लहानपणापासूनची हकीकत सांगते, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय हे तिला ठाऊक असतं आणि गोष्टीतल्या त्या पोरीला नसतं. ही रचना का निवडली, यावर चार ओळी लिहा. टिपणात नेमकी हीच जागा रिकामी सापडते.

सनावळीतही गफलत होते. ‘१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामुळे (मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणारा कायदा) ही कादंबरी लिहिली’ असं सर्रास लिहिलं जातं. कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९० पासून येऊ लागली आणि १८९३ पर्यंत चालली. कायदा मधे झाला. शिवाय तिचा मुख्य विषय विधवेची अवस्था हा आहे. कायदा आणि कादंबरी दोन्ही स्त्रियांच्या स्थितीवरच्या एकाच वादळातून आली, एवढंच म्हणता येतं. कागदावर दोन रकाने आखा: एकात कादंबऱ्यांची वर्षं, दुसऱ्यात बाहेरच्या घटना. मगच कशामुळे काय झालं ते लिहा.

‘फार लांबते, पाल्हाळ आहे’ हा शेराही जपून मारा. ती हप्त्याहप्त्याने छापली जात होती. मागचा अंक हाताशी नसलेल्या वाचकाला धागा पुन्हा हाती द्यावा लागे. हप्ता कुठे तुटला असेल याचा अंदाज घेत वाचा, तथाकथित पाल्हाळाचं कारण बऱ्याच ठिकाणी सापडेल.

ऐतिहासिक कादंबऱ्या वेगळ्या कप्प्यात टाकून त्यांना काळाचा प्रश्नच न विचारणं हीही चूक. शिवकाळावरची ‘उषःकाल’ १८९५ ते १८९७ मधली. त्याच वर्षांत टिळक रायगडावरच्या शिवसमाधीसाठी आणि शिवोत्सवासाठी झटत होते. गोष्ट सतराव्या शतकातली असली तरी वाचक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा होता.

आता बडोदेकरांसाठी खास. दांडिया बाजारातल्या आपल्या पणजीच्या आठवणी यमूच्या शेजारी ठेवताना राज्य कोणाचं होतं ते आधी पाहा. १८९१ चा तो कायदा ब्रिटिश हद्दीतला. बडोदा संस्थानात महाराज सयाजीरावांनी बालविवाह प्रतिबंधक कायदा १९०४ साली केला, सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू करून १९०६ मध्ये राज्यभर नेलं. म्हणून पणजीची गोष्ट घ्याल तेव्हा तिचं जन्मसाल आणि ती कोणत्या राज्यात वाढली हे पहिल्याच ओळीत नोंदवा.