फायरवॉलचे नियम बदला, पण सर्व्हरचं दार बंद होऊ देऊ नका

दूरच्या लिनक्स सर्व्हरवर फायरवॉलची (कोणती जोडणी आत घ्यायची हे ठरवणाऱ्या नियमांची) एक ओळ चुकली की एसएसएच (सर्व्हरमध्ये दुरून लॉगिन करायची सोय) तुटतं, आणि चूक दुरुस्त करायला आत जायची वाटही तीच असते. म्हणून नियमांना हात लावण्याआधी परतीची सोय करा.

पहिलं काम: होस्टिंगच्या पॅनेलमधला कन्सोल (एसएसएचशिवाय सर्व्हरवर नेणारी खिडकी) उघडून त्यातून खरोखर लॉगिन करून पाहा. पासवर्ड आठवत नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

मग 'आयपीटेबल्स' या लिनक्सच्या फायरवॉल साधनाच्या 'आयपीटेबल्स-सेव्ह' आज्ञेने चालू नियम फाइलमध्ये उतरवून घ्या. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत; जुनी आयपीव्ही४) चे नियम वेगळे असतात, त्यांचीही प्रत हवी.

आता टायमर. ही पायरी कधीच गाळू नका. 'अ‍ॅट' (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारं साधन) वापरून ५ मिनिटांनी जुनी फाइल 'आयपीटेबल्स-रिस्टोअर'कडे (नियम परत लावणाऱ्या आज्ञेकडे) जाईल असं काम लावा. 'अ‍ॅटक्यू'मध्ये, म्हणजे कामांच्या रांगेत, ते दिसतंय का बघा. 'अ‍ॅटडी' ही कामं चालवणारी सेवा बंद असेल तर काम रांगेत दिसूनही चालणार नाही. शंका असेल तर आधी एखादा निरुपद्रवी नियम घाला आणि वेळ झाल्यावर तो आपोआप जातोय याची खात्री करा. आयपीटेबल्सऐवजी यूएफडब्ल्यू हे फायरवॉल साधन वापरत असाल तर टायमरवर 'यूएफडब्ल्यू डिसेबल' (ते बंद करणारी आज्ञा) लावा. फायरवॉलडी या तशाच साधनामध्ये नियमाला टाइमआउट (आपोआप जाण्याची वेळ) देता येतो.

नियम घालताना क्रम सांभाळा: आधी चालू जोडण्यांना आणि एसएसएचच्या पोर्टला (बहुधा २२) परवानगी, डीफॉल्ट 'ड्रॉप' (कुठल्याच नियमात न बसणारं सगळं नाकारणं) सगळ्यात शेवटी. डीफॉल्ट 'ड्रॉप' असताना नियम पुसायची आज्ञा दिली तर परवानग्या जातात, 'ड्रॉप' तसाच राहतो आणि कर्सर जागीच थिजतो. पुसायचेच असतील तर आधी डीफॉल्ट 'अ‍ॅक्सेप्ट' करा.

आता खरी तपासणी. एसएसएचची आधीच उघडी खिडकी चालतेय यावर विसंबू नका. चालू जोडण्यांना परवानगी असल्यामुळे ती टिकते. नव्या माणसाला दार उघडं आहे का, हे तिच्यावरून कळत नाही. ती तशीच राहू द्या आणि दुसऱ्या टर्मिनलमधून नव्याने जोडणी करा. तुमच्या एसएसएच सेटिंगमध्ये 'कंट्रोलमास्टर' असेल तर नवी खिडकीही जुन्याच जोडणीवरून जाते, तेव्हा तपासणीपुरतं ते बंद ठेवा. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींवरून आत जाता येतंय का पाहा.

नवी जोडणी लागली, तरच 'अ‍ॅटआरएम'ने टायमर काढा आणि नियम कायमचे जतन करा. सवडीने, कन्सोल उघडा ठेवून, एकदा रीबूट करा आणि पुन्हा आत जाऊन नियम जागेवर आहेत का ते पाहा.