साथ येण्यापूर्वी परिचारिकांसाठी करावयाची तयारी

कोविडच्या साथीत, २२ मार्च २०२० च्या सायंकाळी देशभर टाळ्या-थाळ्या वाजल्या आणि त्याच मध्यरात्रीपासून मुंबईची लोकल बंद झाली. अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी ती पुन्हा धावायला १५ जून उजाडला. विरार, बदलापूर, पनवेलहून कामावर येणाऱ्या परिचारिकेची अर्धी शक्ती वॉर्डात पाऊल टाकण्याआधीच संपत असेल, तर तिचे मनोधैर्य टिकवण्यासाठीच्या तयारीच्या यादीत समुपदेशनाच्याही वर वाहनव्यवस्था लिहावी. कोणती बस कोणत्या पाळीसाठी कुठून सुटेल आणि रात्रपाळी संपल्यावर परतीची कोणती, हे रुग्णालयाने परिवहन उपक्रमाशी आधीच लेखी ठरवून ठेवावे. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे किंवा तान्ही मुले आहेत, त्यांच्यासाठी जवळपास खोल्या पाहून ठेवाव्यात आणि तेथे अवेळी येणाऱ्यांनाही गरम जेवण मिळेल याची खात्री करावी.

पाळ्यांचे वेळापत्रक अधिसेविकांनी, म्हणजे रुग्णालयातील परिचारिकांच्या प्रमुखांनी, एकट्याने न आखता परिसेविकांना, म्हणजे वॉर्डप्रमुख परिचारिकांना, सोबत बसवून आखावे. पीपीई किट चढवल्यावर पाणी पिता येत नाही, स्वच्छतागृहात जाता येत नाही आणि मासिक पाळीच्या दिवसांत तर त्या घामट आवरणात एकेक तास जड जातो. म्हणून किटमधील सलग वेळ किती, मधली सुट्टी केव्हा आणि त्या वेळात जागा कोण सांभाळणार, हे नावानिशी लिहिलेले असावे. किट चढवण्या-उतरवण्याचा वेळ कामाच्या तासांतच धरावा. किट उतरवताना थकलेल्या हातांकडून चूक होते, त्यामुळे त्या वेळी पाहणारी जोडीदार हवीच. मास्क प्रत्येकीच्या चेहऱ्यावर बसतो की नाही, हे साठा खरेदी करण्यापूर्वी तपासावे.

काही परिचारिका स्वतः आजारी पडतील, हे गृहीत धरूनच राखीव तुकडी तयार ठेवावी. सामान्य वॉर्डातील परिचारिकांना अतिदक्षता विभागातील काम, म्हणजे व्हेंटिलेटरचे इशारे ओळखणे, नळ्या न हलवता रुग्णाला चार-पाच जणींनी मिळून पालथे झोपवणे, शांततेच्या काळातच शिकवावे. ऐन गर्दीत नवखीला तिथे उभे करणे म्हणजे तिच्यावर आणि रुग्णावर, दोघांवरही अन्याय आहे.

नातेवाइकांना आत प्रवेश नसतो तेव्हा अखेरच्या क्षणी मोबाइल धरून उभी असते ती परिचारिकाच. अशा मृत्यूनंतर तिला लगेच पुढच्या खाटेकडे न पाठवता दहा-पंधरा मिनिटे बाजूला बसू द्यावे आणि पाळी संपताना बोलण्याची मुभा द्यावी. बोलायलाच हवे अशी सक्ती मात्र नको. समुपदेशक रुग्णालयाबाहेरचा असावा, कारण आपले बोलणे वरिष्ठांपर्यंत जाईल या भीतीने कोणी तोंड उघडत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विश्रांतिकक्षात लावून ठेवावा. संतप्त नातेवाइकांना माहिती देण्याचे काम ठरलेल्या डॉक्टरांकडे द्यावे. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध २०२० मध्ये साथरोग कायदा कडक झाला खरा, तरी दारावरचा सुरक्षारक्षक आधी लागतो.

शेवटी कागदपत्रे. मार्च २०२० मध्ये केंद्राने जाहीर केलेले ५० लाख रुपयांचे विमासंरक्षण कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू होते, पण दाव्यासाठी संबंधित व्यक्ती कोविडच्या कामावर नेमलेली होती याचा संस्थेचा दाखला लागे. तेव्हा तोंडी आदेशावर कोणालाही वॉर्डात पाठवू नये. नेमणुकीचा आदेश, हजेरी आणि वारसाचे नाव पहिल्या दिवसापासून नोंदवावे, आणि त्या नोंदीची एक प्रत त्या परिचारिकेच्या हाती द्यावी.