आजोबांचे जुने डार्ट: लाकूड, पितळ की टंगस्टन?

इंग्लंडच्या पबमध्ये खेळतात तसले जुने डार्ट (गोल फळ्यावर फेकायचे छोटे बाण) घरात सापडले, तर ते आधी घासून लख्ख करू नका. वय सांगणाऱ्या खुणा त्यातच जातात. बुंधा (हातात धरायचा जाड भाग) लाकडी, त्यावर शिशाचा पट्टा आणि मागे टर्कीची पिसं असतील तर घाट जुना. नुसत्या पिसांवरून मात्र काळ ठरवू नका, ती बदललेली असू शकतात. शिसं हाताळल्यावर हात धुवा.

धातूच्या बुंध्याच्या रंगावर विसंबू नका. पितळेवरही निकेलचा मुलामा असतो. खरी परीक्षा पाण्याची. मागची दांडी फिरवून काढा आणि बुंधा टोकासकट तोला. मग ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. बुंधा दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. २२ ग्रॅमच्या पितळी बुंध्याला काटा साधारण २.६ ग्रॅम दाखवेल, ९० टक्के टंगस्टनला (हा पितळेपेक्षा खूप जड धातू) १.३-१.४. बुंध्याचं वजन वेगळं असेल तर आकडा त्याच प्रमाणात बदलेल. बुडबुडा चिकटला तर आकडा फुगतो आणि टंगस्टनही हलक्या धातूचं भासतं. बुंधा हलवून पुन्हा मोजा.

टंगस्टन निघालं, तर डार्ट १९७० च्या दशकातले किंवा नंतरचे.