जुनी स्पोर्ट्स कार घेताय? भाव टिकवायचा असेल तर या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी फोटो पाठवतं, "भाऊ, जुनी स्पोर्ट्स कार मिळून राहिली, घेऊन टाकू का, पुढे भाव वाढेल ना?" फोटोत दरवेळी तेच, चकचकीत पेंट आणि नवीन अलॉय. सर्व्हिस बुकाचा फोटो मात्र कोणीच पाठवत नाही.

पहिली चूक, बॅज पाहून घेणं. गाडी नवीन असताना महाग होती म्हणून जुनी झाल्यावर भाव टिकत नाही, नाहीतर मर्सिडीजच्या मोठ्या, महागड्या एस-क्लास जुन्या झाल्यावर एवढ्या पडेल भावात मिळाल्या नसत्या. मर्सिडीजची गलविंग, म्हणजे पंखांसारखी वर उघडणाऱ्या दारांची स्पोर्ट्स कार, १९५४ ते ५७ मध्ये फक्त १,४०० बनली. मर्सिडीजचीच एसएलके, बटन दाबून छत उघडणारी दोन सीटची गाडी, पहिल्या पिढीत तीन लाखांहून जास्त नग बनली. पोर्शे ९११ ची ९९३ ही हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची पिढी, १९९८ ला संपली, आणि नंतरच्या ९९६ या पिढीच्या आयएमएस बेअरिंगची (इंजिनातलं बेअरिंग, ते गेलं की इंजिनच जातं) भीती लोकांच्या मनातून अजून गेली नाही, म्हणून परदेशातल्या बाजारात या दोघींच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कमी बनलेली, मॅन्युअल गिअरची, कशाची तरी शेवटची, आणि कंपनी अजून पार्ट देते अशी गाडी असेल तर भाव टिकतो.

दुसरी चूक, रिपेंट. याच्यावर मी भांडतो लोकांशी. धरमपेठेतल्या एका मित्राने मुंबईहून सिल्व्हर एसएलके आणली, मीटर २८ हजार, घेऊन झाल्यावर मला दाखवायला आणली. दाराच्या रबरावर स्प्रेचे बारीक ठिपके दिसले तेव्हाच मन खट्टू झालं. बोनेट उघडून आतल्या पत्र्यावरचा कलर कोड वाचला तर ०४०, म्हणजे काळा! कंपनीतून गाडी काळी निघाली होती. डिकीची मॅट उचलली तर खाली गंज, आपल्या नागपूरच्या कोरड्या हवेत गाडी इतकी गंजत नाही, समुद्राकाठी गंजते. टायरवर आकडा २३११, म्हणजे २०११ चा २३ वा आठवडा, आणि आम्ही हे पाहून राहिलो होतो २०१९ मध्ये. छताचं बटन दाबलं तर ते अर्ध्यात अडकलं अन् सिलिंडरच्या सीलमधून तेल टपकायला लागलं. २८ हजार किलोमीटरची फुशारकी तिथेच संपली, कारण गाडी चालली नव्हती, नुसती उभी होती. त्याचा चेहरा अजून आठवतो मला.

म्हणून मी पेंटची जाडी मोजायचं मीटर सोबत ठेवतो. कंपनीचा पेंट साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, कुठे पाचशेच्या वर गेला की खाली पुट्टी आहे समजा. मूळ पेंटवर दोन ओरखडे असलेली गाडी मी केव्हाही घेईन, ताजा रंग मारलेली नाही. आणि ज्याला एका संध्याकाळी टोकन देऊन मोकळं व्हायचं आहे त्याने या नादालाच लागू नये.

मोठा एक्झॉस्ट, रॅप (पेंटवर चिकटवायची रंगीत फिल्म), भलतं स्टिअरिंग: नको. लावलंच असेल तर मूळ पार्ट फेकू नका, खोक्यात ठेवा.

उभी ठेवणं ही पण चूकच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, उन्हात डॅशबोर्ड तडकतो, रबर वाळतं. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल, ते ओलावा ओढतं आणि जुन्या पाइपांना झेपत नाही, म्हणून टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवू नका. मी दर रविवारी पहाटे वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन येतो, इंजिन पूर्ण तापलं पाहिजे, पार्किंगमध्ये पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करणं काही कामाचं नाही.

कागद पाहा. पंधरा वर्षं झाली असतील तर आरसी रिन्यू झाली का ते आधी विचारा, चेसिस नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. मालक म्हणाला "बिलं घरी आहेत" तर त्याच्या घरी जा.