स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचा कमाल वेग कसा काढायचा

वजन वरखाली हलत असताना त्याचा वेग कुठे सगळ्यात जास्त असतो, हे मी प्रयोगाच्या टेबलापाशी दर वर्षी विचारते. बरीच मुलं खालच्या टोकावर बोट ठेवतात. तिथे स्प्रिंग जास्तीत जास्त ताणलेली, म्हणजे बल जास्त, म्हणजे वेगही जास्त, असा त्यांचा हिशोब असतो. पण त्या टोकाला वजन क्षणभर थांबलेलं असतं. तिथे त्वरण कमाल असतं आणि वेग शून्य. तिथून वर निघालं की मधल्या जागेपर्यंत बल त्याला पुढेच ढकलत राहतं, म्हणून वेग वाढत जातो. मधली जागा ओलांडली की बलाची दिशा उलटते आणि वेग उतरायला लागतो. म्हणजे जिथे एकूण बल शून्य, तिथेच वेग कमाल. एवढं मनात पक्कं बसलं की पुढचं गणित सोपं आहे.

आता माझ्या टेबलावरची स्प्रिंग घ्या. शेजारी पट्टी उभी बांधली आहे आणि स्प्रिंगच्या खालच्या आकड्याला टाचणी आडवी चिकटवली आहे, ती काट्याचं काम करते. आधी रिकाम्या स्प्रिंगचं वाचन घ्यायचं, मग २०० ग्रॅमचं वजन हळूच लावून ते पूर्ण स्थिर झाल्यावर दुसरं वाचन. वाचताना डोळा टाचणीच्या पातळीत हवा. माझ्या स्प्रिंगचा ताण, म्हणजे दोन वाचनांतला फरक, आला ९.८ सेमी. मग १०० ग्रॅम लावून पाहा, ४.९ सेमी यायला हवा. जितका ताण तितकं बल, हा रॉबर्ट हूकचा नियम. त्याने तो १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला. तुमच्या स्प्रिंगला निम्म्या वजनाने निम्मा ताण येत नसेल तर ती बदला, कारण पुढची सगळी सूत्रं याच नियमावर उभी आहेत.

०.२ किलो गुणिले गुरुत्व त्वरण ९.८, म्हणजे १.९६ न्यूटन. भागिले ०.०९८ मीटर. स्प्रिंग स्थिरांक आला २० न्यूटन प्रति मीटर.

यानंतर आयाम, म्हणजे मधल्या (समतोल) जागेपासून टोकापर्यंतचं अंतर, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आयाम मोजायचा तो वजन टांगून स्थिर झाल्यावर टाचणी जिथे थांबली तिथून. रिकाम्या स्प्रिंगच्या टोकापासून नाही. मी वजन त्या जागेपासून ४ सेमी खाली ओढून सोडते, म्हणून आयाम ४ सेमी. कोणी रिकाम्या स्प्रिंगपासून मोजलं तर १३.८ सेमी धरले जातात आणि उत्तर तिपटीहून जास्त फुगतं. गणितात ‘वस्तू दोन टोकांमध्ये ८ सेमी अंतरात हलते’ असं दिलं असेल तर आयाम त्याच्या निम्मा, हेही लक्षात ठेवा.

सूत्र असं:

कमाल वेग = आयाम × √(स्प्रिंग स्थिरांक ÷ वस्तुमान)

२० भागिले ०.२ म्हणजे १००, त्याचं वर्गमूळ १०. ०.०४ गुणिले १०, उत्तर ०.४ मीटर प्रति सेकंद. सेंटिमीटरचे मीटर आणि ग्रॅमचे किलो आधीच करून घ्या. सूत्र विसरलात तर ऊर्जेवरून काढा: टोकाची स्थितिज ऊर्जा ½ × २० × ०.०४², म्हणजे ०.०१६ ज्यूल. मधल्या जागी ती सगळी गतिज होते, ½ × ०.२ × वेग². पुन्हा ०.४ च येतं. गुरुत्वाची स्थितिज ऊर्जा वेगळी धरायची गरज नाही, कारण आपण अंतर समतोल जागेपासून मोजतोय आणि तिचा हिशोब त्यातच मिटलेला आहे.

मला यातली फार आवडणारी गोष्ट म्हणजे वजन किती आहे हे माहीत नसलं तरी चालतं. ९.८ भागिले स्थिर ताण ०.०९८, तेच १००, तेच वर्गमूळ १०. नुसत्या पट्टीवर काम भागतं.

आता हे उत्तर घड्याळाने तपासा. टाचणी मधल्या जागेतून खाली जाते तेव्हा शून्यापासून मोजायला लागा आणि २० आंदोलनांचा वेळ घ्या. गणिताप्रमाणे १२.५७ सेकंद यायला हवेत. मला साधारण १२.७ येतात. ही हाताची चूक नाही, स्प्रिंगही थोडी हलत असते. तिच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग वजनात मिळवायचा. माझी स्प्रिंग १५ ग्रॅमची, म्हणून २०० ऐवजी २०५ धरा, वेळ १२.७२ येतो. आवर्तकाल, म्हणजे एका आंदोलनाचा वेळ, ०.६३६ सेकंद, आणि कमाल वेग = २π × आयाम ÷ आवर्तकाल, म्हणजे ३९.५ सेमी प्रति सेकंद. मी वहीत हाच आकडा लिहिते.

एका आंदोलनात वजन १६ सेमी जातं, म्हणून १६ ला ०.६३६ ने भागणारेही भेटतात. तो सरासरी वेग झाला, २५ च्या आसपास. कमाल वेग त्याच्या १.५७ पट असतो.

फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेणारा स्लो मोशन असेल तर मधल्या जागेजवळची पाच चित्रं पुढे सरकवून पाहा. टाचणी साधारण ८ मिमी सरकलेली दिसेल. पहिल्या दोन-तीन आंदोलनांतच बघा, हवेमुळे आयाम हळूहळू कमी होतो. आणि वजन वरखाली जाता जाता लंबकासारखं झुलायला लागलं तर रिकाम्या स्प्रिंगची लांबी मोजा. ती ताणाच्या तिपटीच्या जवळ असेल तर ऊर्जा झोक्यात जाते. वजन बदला आणि पहिल्यापासून मोजा.