उपवासानं गादीचा वारस गेला का? हे असं तपासा

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची पहिली राणी, अरागॉनची कॅथरीन, हिच्याबद्दल एक गोष्ट ठोकून सांगितली जाते. ती कडक उपवास करायची, म्हणून तिची मुलं जगली नाहीत. म्हणून आठव्या हेन्रीला मुलगा मिळाला नाही. म्हणून त्यानं तिला सोडलं आणि इंग्लंडचं चर्च रोमपासून तोडलं. मिरजेत बाळंतपणं करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे मला पहिलाच ‘म्हणून’ खुपतो. तो तपासायला कागद, पेन्सिल आणि त्या काळच्या ईस्टरच्या तारखा एवढं पुरतं.

आधी पुरावा कुठल्या सालचा ते बघा. सगळे पुढे करतात ते पत्र पोप दुसऱ्या ज्युलियसचं, ऑक्टोबर १५०५चं. बायकोचे उपवास आणि व्रतं तिच्या प्रकृतीला आणि मूल होण्याला बाधक असतील तर नवऱ्यानं तिला रोखावं, अशी त्यात मुभा आहे. पत्र खरं आहे. पण कॅथरीन तेव्हा हेन्रीच्या थोरल्या भावाची १९ वर्षांची विधवा होती. हेन्रीशी तिचं लग्न लागलं ११ जून १५०९ला. म्हणजे तरुणपणी ती अन्न सोडायची, आणि खुद्द रोमलाही व्रतापेक्षा वंश मोठा वाटत होता, एवढंच त्यावरून कळतं. पोटात मूल असताना ती उपाशी राहिली, हे त्यातून निघत नाही.

दुसरा साक्षीदार स्पॅनिश राजदूत लुइस कारोस. राणीच्या खाण्यात काही नियम नाही, त्यामुळे तिची पाळी नीट येत नाही, असं तो मे १५१०मध्ये कळवतो. आता बोटं मोजा. तिचं पुढचं मूल १ जानेवारी १५११ला जन्मलं. तिथून ३८ आठवडे मागे गेलं की एप्रिल १५१०चा दुसरा आठवडा येतो. पाळी येणार कुठून? बाईला दिवस गेले होते! राजदूतांनी पाळीवर मतं देऊ नयेत.

हीच मोजणी बाकीच्या बाळंतपणांना लावा. एक खबरदारी घ्या: तेव्हा इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे जुन्या कागदात जानेवारी १५१०च्या जागी १५०९ दिसेल. लेंट हा ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ, तो ‘राखेचा बुधवार’ (अ‍ॅश वेन्सडे) या दिवशी सुरू होऊन ईस्टरला संपतो. पहिली मुलगी ३१ जानेवारी १५१०ला अपुऱ्या दिवसांची, मेलेलीच जन्मली. त्या वर्षीचा लेंट १३ फेब्रुवारीला लागला, म्हणजे तिच्या वाट्याला तो आलाच नाही. १५११चा राजपुत्र हेन्री ३१ मार्चच्या ईस्टरनंतर पोटात आला, लेंट लागण्याआधी जन्मला, आणि तरी ५२ दिवसांत गेला. मेरी जन्मली १८ फेब्रुवारी १५१६ला. तिच्या वेळी लेंट फक्त शेवटचे १२ दिवस होता, आणि ती जगली. नोव्हेंबर १५१८मधली शेवटची मुलगी मात्र लेंटमध्येच पोटात होती, अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत, ती गेली. १५१३ आणि १५१४च्या बाळंतपणांचे पक्के दिवस नोंदलेले नाहीत, ती दोन्ही बाजूला ठेवा. अंदाजानं तीही लेंटला चिकटतात, आणि मोह होतो तो इथेच. सहा बाळंतपणांवरून काहीही सिद्ध करता येतं. लेंटशी संबंध नसलेली दोन मुलं गेली, ती विसरू नका.

मग उपवास म्हणजे नेमकं काय, ते विचारा. लेंटमध्ये मांस, अंडी, दूध बंद आणि दिवसातून एक जेवण, मासे चालत. गरोदर बाईला चर्चची सूट होतीच. राणीनं ती घेतली असेल का? बायकांचा अनुभव सांगते: सूट दिली की जास्तच हट्टानं उपास धरतात. माझ्याकडच्या चतुर्थीवाल्यांना मी साबुदाण्याबद्दल कधी बोलले नाही, सकाळपासून रात्रीपर्यंत रिकाम्या राहणाऱ्या पोटाबद्दल बोलायचे. पोटुशी बाई उपाशी राहिली की तिची साखर लवकर उतरते आणि रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारे पदार्थ, वाढतात.

मात्र तेवढ्यानं मूल दगावतं, असं म्हणायला आधार लागतो. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये शिधा १००० कॅलरींच्याही खाली गेला. शेवटच्या तीन महिन्यांत ही उपासमार भोगलेल्या आयांची मुलं वजनानं कमी भरली. ती सलग उपासमार होती. रमजानच्या रोज्यांवरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत: काहींत वजन थोडं कमी, बऱ्याचशांत फरकच नाही. राजवाड्यातल्या, मासे खाणाऱ्या राणीला यातलं काय लावायचं ते तुम्हीच ठरवा.

दुसरी कारणंही मांडून बघा. दोष हेन्रीच्या रक्तगटात, केल नावाच्या घटकात होता, असं २०१०मध्ये दोन अभ्यासक महिलांनी सुचवलं. बापाकडून आलेला हा घटक आईच्या रक्ताशी जुळला नाही की सहसा पहिलं मूल जगतं आणि पुढची जातात. कॅथरीनचं पहिलंच गेलं, त्यामुळे तेही नीट बसत नाही. जंतुसंसर्गानं तर राजा-रंक दोघांचीही तान्ही मुलं जात.

उरलेले दोन ‘म्हणून’ वैद्यकातले नाहीत. वारस होता, मुलगी होती. कॅथरीनची आई इसाबेला कॅस्टिलची गादी स्वतःच्या हक्कानं चालवत होती, म्हणजे कॅथरीनला मुलगी गादीवर बसणं नवलाचं नव्हतं. हेन्रीला ते पटत नव्हतं. त्यानं १५३३मध्ये लग्न रद्द ठरवून घेतलं, मेरी अनौरस ठरली, १५४४च्या कायद्यानं तिला पुन्हा वारसांच्या रांगेत घेतलं, आणि १५५३मध्ये ती गादीवर बसलीही.