जुन्या गोव्याहून नार्वे गाठा

जुनं गोवं पाहून लगेच पणजीला परतू नका. बॉम जेझुस चर्चच्या भिंतीजवळ थोडं थांबा, गिलावा नसल्याने जांभ्याचे चिरे, त्यांची भोकं स्पष्ट दिसतात. मग व्हाइसरॉयच्या कमानीतून धक्क्यावर या आणि फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरा. सोबत स्कूटर हवीच, बेट चालत ओलांडताना दमछाक होते. पलीकडच्या टोकाला दुसरी फेरी नार्व्याला नेते. तिथलं सप्तकोटेश्वर मंदिर शिवाजी महाराजांनी १६६८ साली पुन्हा उभारायला घेतलं. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं. मराठी माणसाने हे चुकवूच नये! शेवटच्या फेरीची वेळ मात्र उतरतानाच बोटवाल्याला विचारून ठेवा.